निळी खुर्ची

"जानेवारीच्या शेवटी सव्वा टक्का म्हणत होते, आता तीन म्हणतायत. म्हणजे तो दगड जवळ येतोय ना?"

लघुग्रहांवरच्या माझ्या कार्यक्रमात तिसऱ्या रांगेतले आजोबा उभे राहून विचारत होते. वहीच्या पानावर त्यांनी तारीखवार आकडे उतरवून आणले होते. २०२५च्या फेब्रुवारीचा तिसरा आठवडा होता आणि २०२४ वायआर४ हा लघुग्रह पृथ्वीवर आदळण्याची शक्यता किती टक्के, ही बातमी सगळीकडे चालली होती. २२ डिसेंबर २०३२ ही धडकेची संभाव्य तारीख तर लहान मुलांनाही पाठ झालेली.

मी म्हणाले, "उलट आहे काका. तो सध्या आपल्यापासून लांब चाललाय."

"मग टक्के का वाढतायत?"

आता इथे मी काय बोलले ते मला नीट आठवतं, कारण बोलतानाच कळत होतं की हे बरोबर आहे आणि निरुपयोगी आहे. अनिश्चितता, संभाव्यतेचं वितरण, निरीक्षणांचा कालावधी. मी शब्द टाकत गेले आणि समोरच्यांचे डोळे एकेक करून मिटत गेले. आजोबा सभ्य होते. "बरं," म्हणाले आणि बसले. त्या 'बरं'ने मला पुढचे दोन महिने कामाला लावलं.

मी शास्त्रज्ञ नाही. दिवसा हिशेबाचं काम करते आणि उरलेल्या वेळात हौशी आकाशनिरीक्षक. लघुग्रहांकडे वळले ती इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशनच्या एका शोधमोहिमेमुळे. हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने घेतलेल्या प्रतिमा ते जगभरच्या गटांना देतात. आकाशाच्या एकाच तुकड्याच्या चार प्रतिमा, काही मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या. ॲस्ट्रोमेट्रिका नावाच्या प्रणालीत त्या एकावर एक बसवायच्या आणि भराभर उलटत राहायच्या. तारे जागेवर राहतात. एखादा ठिपका मात्र टुकटुक करत सरकतो.

निदान सरकावा अशी अपेक्षा असते. पहिल्या रात्री मला सरकणारे ठिपके सतरा सापडले आणि त्यातले सतराच्या सतरा खोटे निघाले. कॅमेऱ्यातला खराब बिंदू, वैश्विक किरणाचा ओरखडा, दोन अंधुक ताऱ्यांच्या मध्ये मनाने ओढलेली रेघ. डोळ्याला हालचाल बघायची असली की तो ती बघतोच. मग नियम लावायचे: चारही प्रतिमांत ठिपका आहे का, सरळ रेषेत आहे का, अंतरं वेळेच्या प्रमाणात आहेत का, तेज साधारण तेवढंच राहतंय का, आकार ताऱ्यासारखा गोल आहे का. खरा निघाला तरी तो आधीपासून माहीत असलेला असण्याचीच शक्यता मोठी. नवा असला तर बहुधा मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला, ज्याचं पृथ्वीशी काही देणंघेणं नाही.

आमच्या गटाचे दोन ठिपके प्राथमिक नोंदीपर्यंत पोचले. पुढे ते पुन्हा कुणाला दिसले की नाही, त्याची खबर नाही. पण या कामात एक गोष्ट बोटांना कळली, जी वाचून कळली नव्हती. चार प्रतिमांवरून लघुग्रहाची कक्षा काढणं म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला खिडकीच्या फटीतून क्षणभर पाहून तो सात वर्षांनी कुठल्या गावी असेल हे सांगणं. काहीतरी सांगता येतं. पण ते गावाचं नाव नसतं, अख्खा मुलूख असतो.

हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी आजोबांना सांगता आलं नाही.

माझे आधीचे कार्यक्रमही तसेच होते, खोटं कशाला सांगू. पहिल्यावेळी पंचेचाळीस चित्रफलक आणि सुरुवात डायनोसॉरांपासून. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दहा किलोमीटरचा दगड पडला आणि सगळं संपलं, इथून सुरुवात केली की पुढे कितीही धीर द्या, लोक तिथेच अडकतात. घरी जाताना एका बाईंनी विचारलं, "मग आपला नंबर कधी?" तेव्हा मला वाटलं, गंमत करतायत.

शब्दांचीही पंचाईत असते. 'ग्रहसंरक्षण' असं जाहिरातीत छापलं तर एका गृहस्थांनी फोन करून विचारलं की साडेसातीवर काही सांगणार आहात का. ग्रहांपासून संरक्षण, असा त्यांनी अर्थ लावला होता आणि मराठीत तो लागतोही. तेव्हापासून आम्ही 'पृथ्वीचं रक्षण' लिहितो. लघुग्रह, उल्का आणि अशनी यांची तर सरसकट खिचडी असते. अवकाशात फिरतोय तोवर तो दगड लघुग्रह (फारच लहान असला तर उल्काभ), वातावरणात पेटून दिसते ती प्रकाशाची रेघ म्हणजे उल्का आणि जमिनीवर येऊन पडला तर अशनी. एवढं एकदा सांगितलं की पुढचा घोळ अर्धा कमी होतो. बाकी 'उल्कापात' हा शब्द आपण कुणाच्या आदळआपटीलाही वापरतो, त्याला इलाज नाही.

डायनोसॉर काढून टाकले. त्यांच्या जागी चेल्याबिन्स्क आणलं.

१५ फेब्रुवारी २०१३, रशिया, सकाळची वेळ. साधारण वीस मीटरचा दगड सूर्याच्या दिशेकडून आला, त्यामुळे कुणालाही आधी दिसला नाही. जमिनीपासून जवळपास तीस किलोमीटर उंचीवर फुटला. सुमारे दीड हजार माणसं जखमी झाली. ती अंगावर दगड पडून झाली नाहीत, बहुतेक काचांमुळे झाली. लखकन उजेड पडला म्हणून लोक खिडकीशी गेले, आकाशातली धुराची रेघ बघत उभे राहिले आणि मग आघातलहर आली. प्रकाश लगेच पोचतो, लहर ध्वनीच्या वेगाने रांगत येते.

हे सांगण्याऐवजी मी ते करून दाखवायला लागले. दिवे घालवते, पडद्यावर एकदम पांढरा झगझगीत उजेड टाकते आणि गप्प बसते. काहीच बोलत नाही. लोक आधी पडद्याकडे बघतात, मग माझ्याकडे, मग एकमेकांकडे. कुणीतरी खोकतं. मागून कुणीतरी म्हणतं, "मशीन बंद पडलं वाटतं." दोनतीन मुलं उठून पुढे येतात. दीड मिनिट म्हणजे केवढं लांब असतं, हे सभागृहात गप्प उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मग माझी सहकारी मागच्या दाराशी पत्र्यावर दणका देते. सगळे दचकतात. "आत्ता काच फुटली," मी म्हणते, "आणि तुम्ही तिघं खिडकीपाशी होतात." त्या दिवशी चेल्याबिन्स्कमधल्या एका शिक्षिकेने उजेड दिसताच मुलांना बाकांखाली घातलं होतं. वर्गातल्या मुलांना खरचटलंही नाही, त्या स्वतः मात्र काचांनी जखमी झाल्या. एवढं सांगितलं की उजेड दिसला तर खिडकीपासून लांब व्हायचं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

हा प्रयोग जमला तसं वाटलं, आजोबांच्या प्रश्नालाही काहीतरी करून दाखवावं. बोलून ते होणार नव्हतं.

खुर्च्यांची कल्पना सभागृह लावतानाच सुचली. बारा रांगा, प्रत्येक रांगेत दहा, एकूण एकशेवीस खुर्च्या. प्रत्येक खुर्ची म्हणजे २२ डिसेंबर २०३२ या दिवशी लघुग्रह जिथे असू शकेल अशी एक जागा. एका खुर्चीवर निळा कागद चिकटवायचा. ती पृथ्वी. सुरुवातीला शक्यता एकशेवीसात एक. मग "नवं निरीक्षण आलं" असं म्हणून काही रांगांना उठायला सांगायचं. मोजमाप सुधारलं, आता तो तिथे असूच शकत नाही. साठ खुर्च्या उरल्या की साठात एक, तीस उरल्या की तीसात एक. म्हणजे तीन टक्क्यांच्या वर. दगड हलला नाही, पृथ्वी हलली नाही, धोका कुणी वाढवला नाही. फक्त खुर्च्या कमी झाल्या आणि निळी खुर्ची अजून उरलेल्यांत आहे.

कागदावर फार सुरेख होतं. पहिल्या प्रयोगात मी निळी खुर्ची सगळ्यांना दिसावी म्हणून बरोब्बर मध्ये ठेवली, सहाव्या रांगेत. आणि सहकारीला सांगितलं, पुढूनमागून रांगा उठवत जा. ती उठवत गेली. एकशेवीस, ऐंशी, चाळीस, वीस. लोक भिंतींना लागून उभे आणि मध्ये सहावी रांग बसलेली, तिच्यात निळ्या कागदावर एक दहाबारा वर्षांची मुलगी. दहा खुर्च्या उरल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की शेवट कसा करायचा हे मी ठरवलेलंच नाही. सभागृह गप्प. मुलीने माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, मी पण उठू?"

तिला काय सांगणार? उठ म्हणाले तर फसवणूक, बस म्हणाले तर पृथ्वी गेली.

मी २००८ टीसी३ची गोष्ट सांगितली, कारण त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. ६ ऑक्टोबर २००८ला ॲरिझोनातल्या कॅटालिना सर्वेक्षणाला एक छोटा लघुग्रह दिसला. जसजशी निरीक्षणं आली तसतशा खुर्च्या उठत गेल्या आणि निळी उठलीच नाही. शक्यता शंभर टक्के झाली. सापडल्यापासून एका दिवसाच्या आत तो सुदानच्या वाळवंटावर येऊन फुटला, सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या जागी. आकार जेमतेम चार मीटर, म्हणून कुणाला काही झालं नाही. पुढे खार्टूम विद्यापीठाचे विद्यार्थी रांग धरून वाळवंट तुडवत गेले आणि त्यांनी काळ्या दगडांचे शेकडो तुकडे वेचून आणले. पडण्याआधी सापडलेला तो पहिला लघुग्रह. त्यानंतर असे दहाएक सापडले, सगळे छोटे.

मुलगी बसूनच होती. "म्हणजे बसलं तरी चालतं," ती म्हणाली. लोक हसले. मी वाचले. पण खरं सांगायचं तर ती गोष्ट माझ्या मूळ आराखड्यात नव्हती आणि आता ती काढता येणार नाही, कारण खुर्ची कधीकधी उरतेच हे लपवून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

पुढच्या वेळी निळी खुर्ची चौथ्या रांगेत गेली. सात ते बारा रांगा उठतात, साठ उरतात. मग पहिल्या तीन उठतात, तीस उरतात, आणि चौथी रांग आता उरलेल्यांच्या अगदी कडेला आहे. इथे मी थांबते. आकडा सगळ्यात वर आहे आणि सगळ्यांना तो चढताना दिसलाय. मग आणखी एक निरीक्षण, आणि चौथी रांग उठते. टक्के एकदम शून्य. चढताना पायऱ्या होत्या, उतरताना कडाच.

२०२४ वायआर४चं नेमकं हेच झालं. २७ डिसेंबर २०२४ला चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला तो दिसला, तेव्हा आपल्याजवळून जाऊन त्याला दोन दिवस झाले होते. चंद्राच्या दुपटीहून जास्त अंतरावरून तो गेला होता आणि लांब जाताना रोज अंधुक होत होता. जानेवारीअखेर शक्यता एक टक्क्याच्या वर गेली आणि टोरिनो मापनपट्टीवर, म्हणजे धडकेचा धोका शून्य ते दहा अंकांत सांगणाऱ्या पट्टीवर, त्याला तीनचा अंक मिळाला. १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के, एवढ्या आकाराच्या लघुग्रहासाठी आजवरचा सगळ्यात वरचा आकडा. दुसऱ्या दिवशी दीड. २४ तारखेला ०.००४. आकाराचा अंदाज पुढे जेम्स वेब दुर्बिणीने साठ मीटरच्या आसपास बांधला.

एक महाविद्यालयीन मुलगा नंतर भेटून म्हणाला की सगळ्या खुर्च्या सारख्या शक्यतेच्या धरल्यात ते चूक आहे; मधल्यांची शक्यता जास्त, कडेच्यांची कमी. बरोबर आहे. मी त्याला म्हटलं, कडेच्यांना स्टुलं देऊ. अजून दिलेली नाहीत.

आकडा कोसळल्यावर आजोबांचा फोन आला होता. मला वाटलं, सुटका झाल्यासारखं बोलतील. ते म्हणाले, "दाबलं का हो प्रकरण?"

हा प्रश्न प्रत्येक कार्यक्रमात येतो, आणि आकडा वाढतो तेव्हापेक्षा उतरतो तेव्हा जास्त येतो, हे मला अपेक्षित नव्हतं. यावर मी भाषण करत नाही. मायनर प्लॅनेट सेंटरचं पान उघडते. लघुग्रहांची निरीक्षणं जगभरातून तिथे जमा होतात आणि कुणालाही बघता येतात. कुठल्या दुर्बिणीतून, कुठल्या क्षणी, आकाशात कुठे, एकेक ओळ. त्याच ओळींवरून नासाचा गट वेगळा हिशेब करतो, युरोपीय अवकाश संस्थेचा वेगळा, इटलीतला आणखी एक वेगळा. तिघांचे आकडे शेजारीशेजारी लावता येतात. आमच्या गटाने पाठवलेल्या ओळीही अशाच, एकाखाली एक आकड्यांच्या. आजोबांना एका रविवारी संगणकापुढे बसवून मी चार प्रतिमा उलटून दाखवल्या. त्यांना ठिपका माझ्याआधी सापडला. तो खोटा निघाला, पण कसा खोटा ते त्यांनी स्वतः तपासलं आणि वहीत टिपून घेतलं.

"बाँब टाकून उडवायचा" हा दुसरा ठरलेला प्रश्न, बहुतेक वेळा मागच्या रांगेतून. त्याचं उत्तर म्हणून मी डार्टचं शेवटचं चित्र दाखवते. २६ सप्टेंबर २०२२ला नासाचं हे यान डिमॉर्फस नावाच्या सुमारे १६० मीटरच्या दगडावर मुद्दाम आदळवलं, सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने. यानाचा कॅमेरा दर सेकंदाला एक चित्र पाठवत होता. आधी एक ठिपका, मग ओबडधोबड गोळा, मग पडदाभर धोंडे. शेवटचं चित्र वरच्या बाजूला थोडंसं आलेलं आहे आणि बाकी नुसता रंग. पाठवता पाठवता यानच संपलं. या चित्रावर मी काही बोलायच्या आत दरवेळी लोकच बोलायला लागतात.

डिमॉर्फस आपल्यावर येत नव्हता. तो डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो, ११ तास ५५ मिनिटांत एक फेरी. धडकेनंतर फेरी सुमारे तेहतीस मिनिटांनी कमी भरली. मोहीम यशस्वी मानायला ७३ सेकंदांचा फरक पुरला असता. मग फळ्यावर एक गुणाकार करते, हिशेबनीस असल्यामुळे तो मला आवडतो. लघुग्रहाच्या वेगात सेकंदाला दोन सेंटिमीटर फरक पाडा, मुंगी चालते तेवढा. दिवसाला होतात पावणेदोन किलोमीटर. दहा वर्षांत सहा हजार तीनशे, म्हणजे जवळपास पृथ्वीची त्रिज्या. कक्षेचं खरं गणित याहून गुंतागुंतीचं आहे, पण दहा वर्षं आधी कळणं आणि दहा दिवस आधी कळणं यातला फरक इतक्यात कळतो. फोडायची गरजच पडू नये म्हणून शोधायचं. एक किलोमीटरहून मोठे पृथ्वीजवळचे बहुतेक सगळे सापडलेत. १४० मीटरच्या वरचे निम्म्याहून जास्त अजून सापडायचेत. हे वाक्य मी कधी गाळत नाही, कुणाला आवडो न आवडो.

'पृथ्वीजवळून' या शब्दावर मात्र माझा कायमचा राग आहे. "दोन बसएवढा लघुग्रह उद्या पृथ्वीजवळून!" आणि आत वाचावं तर चंद्राच्या दहापट लांबून. बातमी आली की आमचे फोन वाजतात. हल्ली मी एकच विचारते, चंद्राच्या अलीकडून की पलीकडून? लोक शोधतात आणि परत फोन करत नाहीत.

खरोखर जवळून जाणारा १३ एप्रिल २०२९ला जाणार आहे. अपोफिस, साडेतीनशे मीटरच्या आसपास, जमिनीपासून सुमारे बत्तीस हजार किलोमीटरवरून, दूरसंचार उपग्रह फिरतात त्या उंचीच्याही आतून. २००४च्या डिसेंबरमध्ये त्याचाही आकडा २.७ टक्क्यांपर्यंत चढला होता आणि त्याचीही खुर्ची उठली. आता पुढची शंभर वर्षं तरी धडक नाही. त्या रात्री युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून तो नुसत्या डोळ्यांनी सरकताना दिसेल. आजोबांनी तारीख वहीत लिहून घेतलीय, वार शुक्रवार आहे तोही.

निळ्या खुर्चीवर सुरुवातीला कुणी बसायला तयार नसायचं. आता मुलांची तिच्यावरून भांडणं होतात, म्हणून आम्ही चिठ्ठ्या टाकतो. परवा डबा पुढे केला तर एक मुलगी हात घालेना. तिने आधी विचारलं, "एकूण चिठ्ठ्या किती आहेत?"